समोरच्या घराचा जिना

जुन्या नाशकात तिवंध्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत मी पहिल्यांदा कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा पाठ भिंतीला टेकली होती आणि तरीही समोरचा वाडा चौकटीत अर्धाच येत होता. खाली दगडी जोतं, वर लाकडी सज्जा, सज्ज्याला सुरूच्या आकाराच्या खांबांची ओळ. कॅमेरा वर उचलला की खांब एकमेकांवर कलायचे, सरळ धरला की सज्जाच निसटायचा. गल्ली आठ-नऊ फुटांची, मागे सरकायचं तर कुठे? अर्धा तास माझी खटपट चालली होती. शेवटी ज्या घराच्या भिंतीला मी टेकले होते, त्याच घराच्या खिडकीतून एक काकू म्हणाल्या, "अहो ताई, तिथून नाही यायचा तो. वर या."

वर गेले. जिना भिंतीतच बसवलेला, अंधारा, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा, आणि धरायला वरून सोडलेला दोर. दोराला इतक्या वर्षांच्या हातांचा गुळगुळीतपणा आलेला. वरच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले तर समोरचा सज्जा बरोबर डोळ्यांच्या रेषेत. एकही खांब कलला नाही. जुन्या नाशकात एखाद्या घराचा फोटो काढायचा तर त्याच्या समोरच्या घरात जावं लागतं, हे त्या सकाळी कळलं. पुढचं सव्वा वर्ष मी त्या एका गोष्टीच्या आधारानेच फिरले.

मी मूळची जळगावची. नाशकात येऊन बारा वर्षं झाली, राहते इंदिरानगरला, आणि एका सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात ऑटोकॅडवर नकाशे काढते. जुनं गाव मला माहीत होतं ते कामापुरतं. भांड्यांसाठी भांडी बाजार, दागिन्यांसाठी सराफ बाजार, पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. कॅमेरा होता, पण तो अंजनेरीला, हरिहरला किंवा पावसाळ्यात त्र्यंबकच्या वाटेला लागलं की बॅगेतून बाहेर निघायचा. आपण राहतो त्याच गावाचे फोटो काढायला सकाळी गजर लावून उठावं, हे कधी मनात आलं नव्हतं.

मग ऑफिसात जुन्या गावातल्या एका वाड्याचं काम आलं. पाडून नवीन इमारत उभी करायची होती, त्याआधी आहे त्या बांधकामाची मापं घ्यायची होती. टेप घेऊन गेलो. बाहेरची भिंत भरली दोन फूट आठ इंच. दिंडी दरवाजाच्या मागे भिंतीत एक चौकोनी भोक होतं, त्यात लाकडाचं टोक दिसत होतं. मी सहज ओढलं, तर आतून अख्खा अडसर सरकत आला. सागाचा, मांडीएवढा जाड, आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत जाऊन असा बसला की जणू रात्रीच कुणी लावून झोपलं होतं. तो शेवटचा कधी लावला, घरातल्या कुणालाच आठवेना. ऑफिसात येऊन मी नकाशा काढला. त्यात खांब म्हणजे एक चौकोन, जिना म्हणजे आठ-दहा समांतर रेषा, आणि अडसर कुठेच नाही. नकाशात त्याला जागा नसते. चारेक महिन्यांनी वाडा उतरवला, तेव्हा माझ्याकडे त्या अडसराचे मोबाइलवर काढलेले दोन फोटो होते आणि त्यातला एक हललेला होता. ती गोष्ट मला लागली. गणपती नुकतेच उठले होते. पुढच्या रविवारपासून मी कॅमेरा घेऊन जुन्या गावात जायला लागले.

पहिले दोन महिने प्रकाश समजून घेण्यातच गेले. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. (इथले जुने लोक गोदावरी म्हणतच नाहीत, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. आता मीही तसंच म्हणते.) सकाळचं ऊन अलीकडच्या काठावर पडतं आणि पंचवटीची देवळं काळी आकृती होऊन उभी राहतात. संध्याकाळी याच्या उलट. सुंदरनारायणाचं देऊळ १७५६ सालचं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं, पूर्वाभिमुख. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीपर्यंत जातात ते याच दिशेमुळे. त्याच्या दगडी कोरीवकामावर सकाळी तिरपं ऊन येतं तेव्हा नक्षी भिंतीवरून सुटून आल्यासारखी दिसते, आणि ऊन वर चढलं की सपाट होऊन जाते. नारोशंकराच्या देवळाला, म्हणजे १७४७च्या रामेश्वराला, मी चार वेळा सकाळी जाऊन हात हलवत परत आले. पाचव्यांदा संध्याकाळी गेले आणि पलीकडून आलेल्या उन्हात ती प्रसिद्ध घंटा पहिल्यांदा धातूची दिसली. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली घंटा. तोवर माझ्या फोटोंत ती नुसता काळा ठिपका होती.

देवळांभोवती निदान मोकळी जागा असते. गल्ल्यांचं तसं नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन मजले, त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं ते दिवसातून वीसेक मिनिटं. कुठल्या गल्लीत किती वाजता, ते मी एका वहीत लिहायला लागले. म्हसरूळ टेक, डिंगर आळी, तांबट आळी, तिळभांडेश्वर, घनकर गल्ली, बोहरपट्टी. थंडीत आणि उन्हाळ्यात वेळा बदलतात, म्हणून प्रत्येक नावापुढे दोन रकाने. ही वही मला माझ्या कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाची वाटते.

काळारामापाशी वेगळीच अडचण. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटाला बांधलेलं हे देऊळ रामशेजहून आणलेल्या काळ्या दगडाचं आहे. कॅमेऱ्याला चौकटीत सगळं काळंच दिसलं की तो समजतो उजेड कमी आहे, आणि आपणहून फोटो उजळ करतो. दगड राखाडी होतो, आकाश पांढरंफटक. एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढल्यावर, म्हणजे आत येणारा उजेड निम्मा केल्यावर, दगड काळा आला. तांत्रिकदृष्ट्या एवढंच. पण तिथे मी दरवाजांपाशी जास्त वेळ थांबले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो या दरवाजांसमोर. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं, जवळजवळ पाच वर्षं, आणि दरवाजे बंद. कोरीव चौकटीचा सुंदर फोटो सहज काढता येतो. मला मात्र दरवाजासमोरची मोकळी जमीन हवी होती. म्हणून मी बरीच मागे गेले आणि दरवाजा लहान ठेवला. तो फोटो लोकांना फारसा आवडत नाही. मला तो ठेवायचाच आहे.

आता वाड्यांच्या आतलं. मधला चौक उन्हाने पेटलेला आणि भोवतीची ओसरी अंधारी, हा फरक कॅमेऱ्याला झेपत नाही. ओसरी दाखवावी तर चौक जळतो, चौक धरावा तर ओसरी काळोखात बुडते. तीन-चार वेगवेगळे एक्स्पोजर घेऊन कॉम्प्युटरवर एकत्र करतात, मीही केलं, आणि मला ते फोटो खोटे वाटले. ओसरीचा गारवाच निघून गेला होता. श्रावणात उत्तर सापडलं. आभाळ भरून आलेलं, पाऊस थांबलेला, अशा वेळी चौकातून येणारा उजेड मऊ होऊन माजघरापर्यंत जातो. ट्रायपॉडवर कॅमेरा, अर्ध्या-पाऊण सेकंदाचं एक्स्पोजर, आणि कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्यांच्या शिरा सुद्धा मोजता याव्यात. सगळे जण कोरड्या उन्हात फोटो काढायला निघतात. वाड्यांसाठी श्रावण सोडून दुसरा महिना मी आता सुचवणार नाही.

लोकांनी शब्द दिले, ही यातली मोठी कमाई. नकाशे काढत असूनही मला ते येत नव्हते. घर किती चौरस फुटांचं असं कुणी सांगत नाही, किती खणांचं ते सांगतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. खांबाखालचा दगड तो तळखडा. लाकडी खांब थेट जमिनीत गेला तर ओलीने कुजेल, म्हणून त्याला दगडावर उभं करायचं. भिंतीत धान्य साठवायची पोकळी ते बळद. डिंगर आळीत एका सुतारकाकांनी मला खांबाचा वरचा भाग दाखवला, जिथे खांब आणि तुळई जोडणारा कोरीव हात बाहेर येतो, आणि म्हणाले, "इथे एक खिळा दाखवा, मी तुम्हाला काय पाहिजे ते देतो." मी टॉर्च लावून पाहिलं. लाकडात लाकूड अडकवलेलं, खिळा नाहीच.

त्यानंतर जानेवारीत एकदा पांडवलेणीला गेले तेव्हा तिसऱ्या लेण्यापाशी पाय थबकले. व्हरांड्याच्या खाली यक्ष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत, आणि त्या तुळया दगडाच्या. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागातही तेच. सगळी लाकडाच्या कामाची दगडातली नक्कल. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर डोंगर फोडतानासुद्धा सुताराच्या नजरेने पाहत होता. सुतारकाकांना मी ते फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सांधा बरोबर आहे."

सगळीकडे वर बोलावलं गेलं असं नाही. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, घरमालक-भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षं चालू असतात. ट्रायपॉड दिसला की पहिला प्रश्न, "कुणाकडून आलात?" मी खरं सांगायचे, की नोकरी नकाशांची आहे पण हे काम माझं स्वतःचं आहे. काही दारं लागली, काही तीन रविवारांनी उघडली. एका घरी मला अंगण दाखवलं पण फोटो नको म्हणाले. त्या अंगणात आड आहे, आडाच्या कठड्यावर दोराने पडलेल्या खाचा आहेत, एवढं मी वहीत लिहून ठेवलंय. काझीच्या गढीकडे गेले तेव्हा मात्र मीच कॅमेरा आवरला. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी या भागात उत्खनन केलं, इथली माती म्हणजे वस्तीवर वस्ती साठून झालेली टेकडी आहे, हे सगळं खरं. पण दर पावसाळ्यात तिचे कडे ढासळतात आणि कड्यावर माणसं राहतात. खालून वर कॅमेरा रोखून त्यांच्या घरांचा फोटो काढावासा वाटला नाही.

पुराचं पाणी आलं तेव्हाही गर्दीपासून लांब उभी राहिले. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात एकच विचारतात, "मारुतीला कुठवर आलं?" घाटावरचा दुतोंड्या मारुती ही इथली पूररेषा. गुडघा, कंबर, छाती, असं पाणी मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेला होतं त्या दिवशी मी सराफ बाजारात गेले आणि तिथल्या पेशवेकालीन सरकारवाड्याचं जोतं इतकं उंच का, याचं उत्तर पायाखालीच होतं. दहीपूल हे नावही तेव्हाच कळलं. पूल दिसत नाही, कारण सरस्वती नाला रस्त्याखाली गेलाय. पाणी चढलं की तो आपली जागा दाखवतो.

वाडा पडला की मागे काय उरतं, त्याचाही एक फोटो आहे. इथे दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, भिंत सामाईक. ऑफिसात मी रोज साइड मार्जिन मोजते, त्यामुळे हे मला नवलाचं. एक वाडा उतरवला की शेजारच्या भिंतीवर त्याची आतली बाजू उघडी पडते. भद्रकालीकडे जाताना अशी एक भिंत सापडली. खाली निळसर चुना, वर पोपटी, त्यावर दोन कोनाडे, एकात दिव्याच्या काजळीचा काळा ओघळ. तिरप्या रेषेत जिन्याच्या पायऱ्यांचे ठसे, वर जात-जात हवेत संपलेले. अगदी उंचावर, जिथे आता कुणाचा हात पोहोचणार नाही, खिळ्याला अडकलेलं एक कॅलेंडर. पाऊस लागून कोरं झालेलं, फक्त वरची पत्र्याची पट्टी शाबूत. मी आधी कोनाड्यांचे जवळून फोटो काढले. मग लक्षात आलं की ही भिंत अख्खी यायला हवी, आणि मोकळ्या प्लॉटमुळे पहिल्यांदाच मागे सरकायला भरपूर जागा होती. ती जागा कशामुळे झाली, ते आठवून मन उदास झालं. महिन्याभरात तिथे पत्रे ठोकले गेले.

आणि जमिनीखालचं एक बांधकाम तर मी सहा महिने पायाखाली तुडवत होते. तिवंध्याच्या चौकात उभी राहून मी कितीतरी फोटो काढले, आणि त्या रस्त्याखाली पेशवेकाळापासूनची रहाड आहे हे मला फाल्गुनापर्यंत ठाऊक नव्हतं. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर वर लाकडं, माती घालून बुजवलेला असतो, त्यावरून गाड्या जातात. नाशकात रंग खेळतात ते रंगपंचमीला, आणि त्याआधी रहाडी उघडतात. आमच्या जळगावाकडे असं काही नाही, त्यामुळे मी आधल्या दिवशी सकाळीच जाऊन उभी राहिले. माती काढली, जाड लाकडं एकेक करून उचलली, आणि चौकाच्या मधोमध दगडी कडा वर आल्या. घडीव दगड, सांधे इतके घट्ट की नखही जाऊ नये. मी गुडघ्यांवर बसून आतल्या भिंतींचे फोटो घेतले. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचा मान ठरलेल्या घराण्याकडे, आणि रंग फुलापानांपासून उकळून केलेला. दुसऱ्या दिवशी अर्थातच मी समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर होते, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. खाली पोरं धप्पा मारत होती. अंग आखडून उडी घ्यायची आणि असं आपटायचं की पाणी काठांवर उसळलं पाहिजे. ते पाणी भिंतींवर, दारांवर, कधीकधी पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत जात होतं. सगळ्या वाड्यांच्या खालच्या अंगाला एकच रंग चढला होता. त्यापुढच्या रविवारी गेले तर चौक बुजवून झाला होता, रस्ता पूर्ववत, आणि एका दाराच्या चौकटीत, नक्षीच्या खोल भागात, तेवढा रंग शिल्लक होता. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये तो मला सर्वांत प्रिय आहे.

संपादनाबद्दल एक सांगते, कारण यावर माझा वाद झालाय. मी वायरी पुसत नाही. पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेली चादर, काही काढत नाही. उभ्या रेषा सरळ करते, उजेड थोडा सांभाळते, बस. सज्ज्यावर वाळत घातलेली चादर म्हणजे तिथे अजून माणूस राहतं.

दिवाळीनंतर सुमारे सत्तर फोटो निवडले आणि आठ बाय बाराच्या प्रिंट काढल्या. ज्यांनी जिने चढू दिले त्यांना एकेक द्यायची होती. पहिली प्रिंट तिवंध्याच्या त्या गल्लीतली. काकूंना दिली, मग म्हटलं समोर वाड्यातही द्यावी. तिथे सत्तरीपुढच्या एक आजी राहतात. गेलं वर्षभर मी त्यांना फक्त सज्ज्यात डाळ निवडताना पाहिलं होतं, खालून नमस्कार-चमत्कार एवढाच परिचय.

आजींनी चष्मा पुसला, प्रिंट खिडकीपाशी उजेडात नेली. मला वाटलं त्या स्वतःला शोधतायत, कारण डाव्या कोपऱ्यात त्या होत्या. पण त्यांचं बोट वरच्या पट्टीवर फिरत होतं, सज्ज्याच्या छपराखाली.

"हे काय गं? पोपट आहेत का?"

मी वाकून पाहिलं. खांबांच्या वर केळफुलांच्या मधोमध दोन पोपट कोरलेले होते, चोचीला चोच लावून. "हो आजी. तुमच्याच सज्ज्याचे."

"लग्न होऊन आले तेव्हापासून इथे आहे," त्या म्हणाल्या. "रोज त्यांच्याखाली बसते. समोरच्यांच्या माडीवर कधी गेले नाही."

त्यांनी प्रिंट टेबलावर ठेवली, पदर नीट केला आणि समोरच्या खिडकीकडे हाक मारली. काकू डोकावल्या. आजी म्हणाल्या, "जरा दार उघडं ठेव गं, मी वर येतेय."

जिना चढताना मी त्यांच्या मागे होते. दोर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.